वाचकांचे प्रश्न : हलके रिव्हॉल्व्हर, जड धक्का

प्रश्न : नाशिकच्या सराफ बाजारात आमची पिढीजात पेढी आहे. वडिलांचे वय ७४ असून त्यांच्याकडे .३२ बोरचे, मधून दुमडून उघडणारे, सरकारी कारखान्याचे जुने रिव्हॉल्व्हर आहे. आता पेढी मी पाहते, त्यामुळे ते शस्त्र आणि परवाना माझ्या नावावर करून घ्यावा असे घरात चालले आहे. प्रशिक्षण वर्गात मी पहिल्यांदाच .३२ रिव्हॉल्व्हर झाडले. अंगठ्याच्या बुडाशी चांगलाच ठणका लागला, कान बधिर झाले आणि गोळ्या बहुतेक निशाणाच्या खालीच गेल्या. वडिलांचे शस्त्र मला जड वाटते. विक्रेत्याने ५०० ग्रॅमचे टायटॅनियमचे रिव्हॉल्व्हर सुचवले आहे. ‘बाईमाणसाला हलकेच बरे, धक्काही कमी बसतो’ असे त्याचे म्हणणे. परदेशी लेखांत मात्र .३८ स्पेशल घ्या, असे वाचले. नवशिक्या हाताला झेपेल असे कमी धक्क्याचे रिव्हॉल्व्हर कोणते घ्यावे?
— एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : विक्रेत्याच्या सल्ल्याचा पहिला भाग वादाचा आहे आणि दुसरा सरळ चुकीचा आहे. काडतूस तेच असेल, तर रिव्हॉल्व्हर जितके हलके तितका हाताला बसणारा धक्का मोठा. याला अपवाद नाही. हलके शस्त्र बाळगायला सोपे असते, झाडायला नव्हे, आणि दुकानात काउंटरवर ते उचलून पाहताना आपण नकळत बाळगण्याचीच परीक्षा घेत असतो. त्यामुळे आपल्याला जड वाटलेले वडिलांचे रिव्हॉल्व्हर हीच कदाचित आपल्यासाठी उपलब्ध असलेली सर्वांत सौम्य वस्तू असण्याची शक्यता आहे. असे का, ते थोडे सविस्तर सांगतो.

आपल्याकडे बत्तीस बोर म्हणून जे रिव्हॉल्व्हर मिळते, त्यात स्मिथ अँड वेसन कंपनीने १८९६ मध्ये आणलेले .३२ लाँग हे काडतूस चालते. त्याची प्रचलित गोळी ९८ ग्रेनची, म्हणजे जेमतेम साडेसहा ग्रॅमची असते आणि ती नळीतून सेकंदाला सुमारे २१५ मीटर वेगाने सुटते. गोळीला पुढे जितका संवेग मिळतो तितकाच शस्त्राला मागे मिळतो, हा शाळेत शिकलेला नियम येथे जसाच्या तसा लागू पडतो. दारूच्या वायूंचा वाटा सोयीसाठी बाजूला ठेवून आकडेमोड केली, तर ५०० ग्रॅमचे रिव्हॉल्व्हर सेकंदाला पावणेतीन मीटरच्या वेगाने मागे येऊ पाहते, ६७५ ग्रॅमचे दोन मीटरच्या आणि एक किलोचे १.४ मीटरच्या. तळहाताला जी ऊर्जा पचवावी लागते ती याच क्रमाने साधारण १.९, १.४ आणि ०.९ ज्यूल होते. म्हणजे वजन दुप्पट केले की धक्का निम्मा. वायूंचा वाटा धरला तर तिन्ही आकडे थोडे वाढतील, पण त्यांचा क्रम बदलणार नाही. यात स्त्री-पुरुष असा काही भेद नाही. मनगट कोणाचेही असो, गणित तेच राहते.

‘बायकांसाठी हलके’ ही समजूत बाजारात कुठून आली, तेही सांगण्यासारखे आहे. दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर, जानेवारी २०१४ मध्ये, कानपूरच्या सरकारी कारखान्याने ‘निर्भीक’ हे टायटॅनियम मिश्रधातूचे, ५०० ग्रॅमचे, .३२ बोरचे रिव्हॉल्व्हर खास स्त्रियांसाठी म्हणून बाजारात आणले. पर्समध्ये मावावे हा त्यामागचा विचार होता आणि त्या हिशेबाने ते ठीकच आहे. मात्र जिने आयुष्यात गोळी झाडलेली नाही, तिच्या हाती पहिले शस्त्र म्हणून ते देणे मला कधीच पटलेले नाही. शिकण्यासाठी गोळ्या झाडाव्या लागतात. दर गोळीला हात ठणकला, तर माणूस सराव टाळू लागतो आणि सराव टाळला की घरात कुलूपबंद पडलेले एक महागडे ओझे तेवढे उरते.

ऑगस्ट २०२३ मध्ये आलेले ‘प्रबळ’ आपल्या गरजेला अधिक जवळचे आहे. आयुधनिर्माणी मंडळाचे ऑक्टोबर २०२१ मध्ये सात सरकारी कंपन्यांत विभाजन झाले, त्यांपैकी कानपूरच्या अ‍ॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया या कंपनीचे हे उत्पादन. वजन काडतुसांशिवाय ६७५ ग्रॅम, नळी ७६ मिलिमीटर आणि सिलिंडर, म्हणजे काडतुसांची घरे असलेले फिरते नळकांडे, बाजूला उघडणारा. आपल्या वडिलांच्या रिव्हॉल्व्हरची नळी बिजागरीवर खाली दुमडते आणि रिकामी काडतुसे एकदम वर येतात. ‘प्रबळ’मध्ये सिलिंडर डावीकडे बाहेर येतो. दोन्ही पद्धती शिकायला सोप्या आहेत. धक्क्याच्या दृष्टीने मात्र या फरकाला काही अर्थ नाही, त्यामुळे केवळ उघडण्याच्या सोयीसाठी नवे शस्त्र घेण्याची घाई करू नये.

.३८ स्पेशलविषयी आपण वाचलेला सल्ला चुकीचा नाही, तो दुसऱ्या बाजारासाठी आहे. अमेरिकेत नवशिक्याला चार इंची नळीचे, किलोभर वजनाचे पोलादी .३५७ मॅग्नम रिव्हॉल्व्हर देऊन त्यात सौम्य .३८ स्पेशल काडतुसे घालायला सांगतात, कारण .३५७ च्या सिलिंडरमध्ये .३८ स्पेशल बिनदिक्कत चालते. आपल्याकडे .३८ आणि ९ मिलिमीटर ही बोर सर्वसाधारण नागरिकाच्या परवान्यावर मिळत नाहीत, आणि खासगी व्यक्तींसाठी परदेशी शस्त्रांची आयात १९८० च्या दशकापासून जवळपास बंद असल्याने जी जुनी विलायती रिव्हॉल्व्हर हातोहात फिरतात त्यांच्या किमती अवाच्या सवा असतात. शिवाय यात आपले नुकसानही काही नाही. .३८ स्पेशलची प्रचलित गोळी १५८ ग्रेनची असून ती सेकंदाला सुमारे २३० मीटर वेगाने सुटते. तीच ५०० ग्रॅमच्या शस्त्रातून सुटली असे धरले, तर धक्का साडेपाच ज्यूलच्या आसपास जातो, म्हणजे .३२ च्या जवळजवळ तिप्पट. तिकडच्या नवशिक्याला जड शस्त्र घेऊन जे साधावे लागते, त्यातले बरेचसे आपल्याला काडतुसाच्या निवडीतच मिळालेले आहे.

‘बत्तीस म्हणजे लेचेपेचे’ असे शेरे आपण ऐकाल. ते मनावर घेऊ नका. आंतरराष्ट्रीय नेमबाजीच्या २५ मीटर सेंटर-फायर पिस्तूल प्रकारात ७.६२ ते ९.६५ मिलिमीटरपर्यंतचे बोर चालते, आणि तरीही त्या प्रकारातील जाणते नेमबाज वर्षानुवर्षे .३२ लाँगचेच, सपाट तोंडाच्या गोळीचे काडतूस निवडत आले आहेत. कारण कमी धक्क्यात अचूकता राहते. लष्करी इतिहासातही याचा दाखला आहे. पहिल्या महायुद्धापर्यंत ब्रिटिश सैन्याकडे .४५५ बोरची धिप्पाड वेब्ली रिव्हॉल्व्हर होती. अल्पकाळ शिकवलेल्या सैनिकाला ती नीट झाडता येत नाहीत हे युद्धात लक्षात आल्यावर त्यांनी मुद्दाम खाली उतरून .३८० बोर स्वीकारले. आपल्या वडिलांकडचे दुमडणारे रिव्हॉल्व्हर त्याच वेब्ली घराण्यातले आहे, फक्त बोर आणखी एक पायरी लहान.

आता वजनाइतकाच महत्त्वाचा, पण दुकानात हमखास दुर्लक्षित राहणारा मुद्दा म्हणजे मूठ. आपल्याला ठणका अंगठ्याच्या बुडाशी लागला, यावरून मला वाटते की ते रिव्हॉल्व्हर आपल्या हातात तिरपे बसले होते. हात लहान असला आणि चाप लांब असला, की बोट चापापर्यंत पोचवण्यासाठी माणूस शस्त्र तळहातात थोडे फिरवून घेतो. मग मुठीची पाठ तळव्याच्या मध्याऐवजी अंगठ्याच्या सांध्यावर येते आणि सगळा धक्का त्या एका हाडावर आदळतो. याची परीक्षा सोपी आहे. शस्त्र रिकामे असल्याची सिलिंडर उघडून स्वतः खात्री करावी, ते उजव्या हातात असे धरावे की नळी आणि कोपरापर्यंतचा हात एका सरळ रेषेत येतील, आणि मग तर्जनी चापावर ठेवून पाहावी. बोटाच्या पहिल्या पेराचा मांसल भाग चापावर सहज टेकला, तर मूठ आपल्या मापाची आहे. फक्त टोकच पोचत असेल, तर नाही. मुठीच्या बाजूच्या पट्ट्या बदलता येतात. जुन्या शस्त्रांवरील गुळगुळीत, अरुंद लाकडी पट्ट्यांऐवजी पाठ भरून काढणाऱ्या किंचित रुंद किंवा रबरी पट्ट्या बसवल्या, तर तोच धक्का मोठ्या पृष्ठभागावर पसरतो. नवे शस्त्र घेण्यापूर्वी हा खर्च करून पाहावा, असे मी आग्रहाने सांगेन. रुंद पट्टीने चाप आणखी दूर जाणार नाही, एवढे मात्र पाहावे.

पकडही उंच हवी. रिव्हॉल्व्हरची नळी हाताच्या बरीच वर असते, त्यामुळे धक्का नुसता मागे येत नाही, तो तोंड वर उचलतो. हात मुठीवर जितका वर सरकवाल तितकी ही उसळी कमी. पण वर सरकवताना दुसऱ्या हाताची बोटे किंवा अंगठा सिलिंडरच्या पुढच्या कडेपाशी कधीही जाऊ देऊ नयेत. सिलिंडर आणि नळी यांच्यामधल्या फटीतून प्रत्येक गोळीला तप्त वायू आणि शिशाचे कण बाजूला फेकले जातात, आणि पिस्तुलाची सवय असलेली माणसेही तेथे बोट भाजून घेतात.

आपल्या पत्रातले मला सर्वांत बोलके वाटलेले वाक्य धक्क्याविषयी नाही, तर गोळ्या निशाणाच्या खाली गेल्या, हे आहे. धक्क्याने शस्त्राचे तोंड वर जाते. मग गोळ्या खाली का जाव्यात? कारण इतक्या आखूड नळीतून गोळी सुमारे एक सहस्रांश सेकंदातच बाहेर पडते, आणि आपल्याला धक्का जाणवतो तोवर ती कधीच निघून गेलेली असते. नेम बिघडवतो तो धक्का नव्हे, त्याची धास्ती. आता बार होणार, या कल्पनेने हात क्षणभर आधीच मनगट खाली दाबतो. आपल्या प्रशिक्षकांना सांगून एकदा पुढील प्रयोग करून घ्या. रेंजवर, तोंड निशाणाकडे असताना, त्यांनी आपल्याला न दाखवता सिलिंडरच्या काही घरांत काडतूस आणि काही घरांत झाडलेले रिकामे काडतूस भरावे, सिलिंडर फिरवून बंद करावा आणि शस्त्र आपल्या हाती द्यावे. रिकाम्या काडतुसावर घोडा पडेल तेव्हा बार होणार नाही, पण नळीचे तोंड खसकन खाली गेलेले आपल्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. ते एकदा दिसले की दहा वेळा समजावून जे होत नाही ते होते. हाच प्रयोग अधूनमधून करत राहावा. जेव्हा रिकाम्या काडतुसावरही पुढची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेमाची खूण, जागची हलत नाही, तेव्हा धास्ती गेली असे समजावे.

या धास्तीत आवाजाचा वाटा फार मोठा असतो. आखूड नळीच्या रिव्हॉल्व्हरचा बार १४० डेसिबलच्या वर जातो, आणि एवढा आवाज एका फटक्यात कानाला कायमची इजा करू शकतो. बंदिस्त रेंजवर तो भिंतींवरून परतून आणखी वाईट लागतो. आपले कान बधिर झाले याचा अर्थ कानावरचे संरक्षण पुरेसे नव्हते. कानात बोळे आणि त्यावर मफ, असे दोन्ही एकदम वापरावे. हे केल्यावर ‘आज धक्का कमी वाटला’ असे म्हणणारे शिकाऊ मी पुष्कळ पाहिले आहेत. शस्त्र आणि काडतूस दोन्ही कालचेच असतात. डोळ्यांवर चष्मा हवा, हे वेगळे सांगत नाही.

चापाविषयीही थोडे. घोडा हाताने मागे ओढून मग चाप दाबला, तर साधारण दीड-दोन किलोचा दाब पुरतो. घोडा न ओढता नुसता चाप दाबला, तर तोच दाब साडेचार-पाच किलोपर्यंत जातो, कारण त्या एका हालचालीत घोडा उचलायचा, सिलिंडर फिरवायचा आणि घोडा सोडायचा असतो. अर्ध्या किलोचे शस्त्र आणि पाच किलोचा चाप, हे प्रमाण डोळ्यांपुढे आणले, तर हलके शस्त्र दाबतानाच का हलते ते कळेल. जड शस्त्राचा हा दुसरा फायदा, आणि माझ्या मते धक्क्याच्या फायद्यापेक्षाही मोठा. सुरुवात घोडा ओढून करावी, हात स्थिरावला की नुसत्या चापाने. घोडा ओढलेला असताना विचार बदलला तर तो अंगठ्याने खाली सोडण्याची रीत मात्र प्रशिक्षकासमोर, रिकाम्या शस्त्रावर घोटून घेतल्याशिवाय भरल्या शस्त्रावर करू नये.

म्हणून आपल्याला माझा सल्ला असा की, सध्या काहीही खरेदी करू नका. शस्त्र नियम, २०१६ नुसार परवानाधारकाचे वय ७० झाले, किंवा शस्त्र त्याच्याकडे २५ वर्षे असले, तर तो हयातीतच कायदेशीर वारसाच्या नावाने परवान्यासाठी अर्ज करवू शकतो. आपले वडील त्यात बसतात. आपण नाशिक शहरात राहत असल्याने अर्ज पोलीस आयुक्तालयाकडे जाईल; ग्रामीण भागात तोच जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे जातो. प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र लागते, त्याची तयारी आपण केलेलीच आहे. परवाना आपल्या नावावर होईपर्यंत ते शस्त्र घेऊन घराबाहेर पडू नये, सरावासाठीसुद्धा नाही. हा काळ वाया जात नाही. शहरातील एखाद्या रेंजवर १० मीटर एअर पिस्तूल धरावे. ४.५ मिलिमीटर बोरच्या आणि २० ज्यूलपर्यंतच्या हवाई शस्त्राला परवाना लागत नाही, धक्का जवळपास नसतो, आणि पिस्तूल किलोभराचे असल्याने मनगटही तयार होते. त्यानंतर रेंजचेच .२२, आणि मग .३२. या क्रमाने गेलेल्या माणसाला .३२ चा धक्का नावापुरताच उरतो.

वडिलांचे रिव्हॉल्व्हर मधल्या काळात परवानाधारक कारागिराकडून वडिलांनी तपासून घ्यावे. बिजागरी ढिली आहे का, बंद केल्यावर नळी हलते का, घोडा मागे असताना सिलिंडर जागच्या जागी घट्ट राहतो का आणि प्रत्येक घर नळीसमोर नेमके येते का, एवढे पाहायला सांगावे. ते ठीक निघाले, तर पट्ट्या बदलून तेच वापरावे. ठीक निघाले नाही, तर ‘प्रबळ’च्या वजनाचे किंवा त्याहून जड असे .३२, आणि शक्य असेल तर लांब नळीचे, हाच माझा कौल राहील.

प्रश्न : मी ६७ वर्षांचा निवृत्त बँक कर्मचारी आहे. परवाना जुना असून त्यावर .३२ बोर लिहिलेले आहे. उजव्या अंगठ्याच्या सांध्याला संधिवात आहे, त्यामुळे .३२ विकून २५० ग्रॅमचे .२२ बोरचे ‘निडर’ घ्यावे असा विचार आहे. .२२ ला धक्का नसतोच असे ऐकले. वेळप्रसंगी पत्नीलाही ते वापरता येईल.
— इंदिरानगर, नाशिक

उत्तर : .२२ ला धक्का नसतो हे जड पिस्तुलाबाबत खरे आहे. ‘निडर’बाबत ते तितकेसे खरे नाही. .२२ लाँग रायफलची ४० ग्रेनची, म्हणजे २.६ ग्रॅमची गोळी आखूड नळीतून सेकंदाला अडीचशे ते पावणेतीनशे मीटर वेगाने सुटते असे धरले, तर पाव किलोचे शस्त्र मागे येण्याचा वेग ५०० ग्रॅमच्या .३२ इतकाच भरतो. ऊर्जा साधारण निम्मी असते, म्हणून हाताला ते सौम्य लागेल. पण चिमुकल्या मुठीवर तिसरे-चौथे बोट टेकायला जागा कमी मिळते आणि नेम धरण्याच्या दोन खुणांमधले अंतर इतके थोडे असते की हाताचा किंचितसा कंपही निशाणावर वीतभर चूक दाखवतो.

आपली खरी अडचण मात्र मला धक्क्याची वाटत नाही. संधिवात अंगठ्यात आहे, म्हणजे घोडा अंगठ्याने ओढणे कष्टाचे जाणार, आणि नुसता चाप दाबायचा तर त्याचा दाब जड. .२२ च्या काडतुसात स्फोटक बुडाच्या कडेत भरलेले असते, ते पेटवायला घोड्याचा फटका जोरकस लागतो, त्यामुळे .२२ रिव्हॉल्व्हरचा चाप अनेकदा मोठ्या बोरपेक्षाही कडक असतो. तेव्हा विक्रेत्याकडे जाऊन आधी चाप दाबून पाहा. तोही चाचणीच्या खोट्या काडतुसांवर, कारण रिकाम्या .२२ चा घोडा सोडला तर फायरिंग पिन, म्हणजे काडतुसाला ठोकणारी खीळ, घराच्या कडेवर आपटून दोन्हींचे नुकसान होते. सलग दहा-बारा वेळा दाबून अंगठा आणि तर्जनी कुरकुरली नाहीत, तरच पुढचा विचार. .२२ ची काडतुसे अधूनमधून पेटतही नाहीत. रिव्हॉल्व्हरमध्ये पुन्हा चाप दाबला की पुढचे घर समोर येते, एवढी सोय आहे. रेंजवर मात्र न पेटलेल्या काडतुसानंतर तोंड निशाणाकडे ठेवून अर्धा मिनिट थांबावे, मगच सिलिंडर उघडावा.

परवान्यावर .३२ लिहिलेले असताना .२२ विकत घेता येत नाही. आधी परवाना प्राधिकाऱ्यांकडून बोरची नोंद बदलून घ्यावी लागेल. आणि पत्नीविषयीची अपेक्षा मनातून काढून टाकावी. परवाना व्यक्तीचा असतो, घराचा नव्हे. त्यांना शस्त्र वापरायचे असेल तर त्यांचा स्वतंत्र परवाना हवा, तोवर आपले शस्त्र त्यांच्या हाती लागणार नाही अशा कुलपात ठेवणे ही आपलीच जबाबदारी आहे. रेंजवरच्या सरावापुरते पाहायचे असेल, तर आपल्यासारख्या हाताला एअर पिस्तुलाइतके सुख दुसरे नाही. त्याचा चाप अर्ध्या किलोच्या दाबाला सुटतो.

प्रश्न : निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे, शेजारी ऊस आहे आणि बिबट्याचा वावर आहे. मुलगा २२ वर्षांचा असून त्याने बंदूक कधी धरलेली नाही. त्याच्यासाठी धक्का कमी पण बिबट्याला पुरेल असे रिव्हॉल्व्हर सुचवावे.
— निफाड

उत्तर : असे रिव्हॉल्व्हर नाही, आणि असते तरी सुचवले नसते. बिबट्या वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याच्यावर गोळी झाडणे हा गंभीर गुन्हा आहे. व्यवहाराने पाहिले तरी अंधारात, उसाच्या कडेला, हलत्या जनावरावर आखूड नळीच्या शस्त्राने नेम धरणे मुरलेल्या हाताचेही काम नाही, आणि जखमी बिबट्या हा न दुखावलेल्या बिबट्यापेक्षा वस्तीला कितीतरी घातक. हवेत बार करून त्याला पळवून लावण्याचा विचारही सोडावा. निष्काळजीपणे झाडलेल्या गोळीने इतरांचा जीव धोक्यात घालणे, हा २०१९ च्या दुरुस्तीनंतर शस्त्र कायद्याखाली स्वतंत्र गुन्हा आहे आणि वर गेलेली गोळी कोणाच्या तरी शेतात खाली येतेच. रात्रीचे पाणी धरायला एकट्याने जाऊ नये, हातात बॅटरी आणि काठी असावी, मोबाइलवर गाणी लावून चालावे, उसाच्या बाजूला वाकून काम करणे टाळावे, आणि बिबट्या दिसला की वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. मुलाला नेमबाजीची हौस असेल, तर ती वेगळी आणि चांगली गोष्ट आहे. त्यासाठी पहिल्या उत्तरात सांगितलेला एअर पिस्तुलापासूनचा क्रम त्यालाही तसाच लागू पडतो, परवान्याचा अर्ज मात्र त्याला जिल्हाधिकारी कार्यालयात, शेताशिवाय दुसरे सबळ कारण दाखवून करावा लागेल.